नबीची टिचकी

"गप्प! एकदम गप्प! पोरांची तोंडं बंद करा!"

अबाजीनं हात वर केला आणि इस्रायलमधल्या रामल्याच्या त्या नव्या वसाहतीच्या अंगणात जमलेली माणसं श्वास रोखून उभी राहिली. समोर खाटेच्या फळ्यांवर टोमॅटोच्या सॉसच्या बरण्या ओळीनं मांडल्या होत्या. काचेच्या लालभडक बरण्या, तोंडावर पातळ पत्र्याचं झाकण. अबाजीच्या मुठीत कोकणातल्या खंडाळ्याच्या खडकाचा एक खडा होता. यहुद्यांचे नबी एलियाहू हन्नाबी कोकणात उतरले तेव्हा ज्या खडकावर त्यांच्या घोड्याच्या टापांचा ठसा उमटला, त्याच खडकाचा. निदान अबाजी तसं सांगत असे, आणि खड्याला विचारायची काही सोय नव्हती.

अबाजी डोळे मिटून पुटपुटत होता. बराच वेळ काहीच झालं नाही. मग लेआच्या एका बरणीचं झाकण आपोआप वाजलं.

टोक्!

"आले! नबी आले!" बायका ओरडल्या. कुणी पदरानं डोळे पुसले. तेवढ्यात दुसरी बरणी वाजली, मग तिसरी, मग इथं एक, तिथं एक. कुणी हात लावत नव्हतं, कुणी जवळ नव्हतं, आणि झाकणं टिचक्या मारल्यासारखी वाजत होती.

"बघा, बघा!" अबाजी म्हणाला. "नबी घरोघरी टिचकी मारतात. ज्या घरचं रक्त चोख, हात चोख, त्याच बरणीवर मारतात. ती बरणी वर्षभर खराब व्हायची नाय. मी कोण? मी नुसता पोस्टमन!"

हा पोस्टमन जाताना प्रत्येक घरची एक बरणी आणि मलिद्याचं, म्हणजे नबीला वाहिलेल्या गोड पोह्यांचं, भरलं ताट घेऊन जात असे. खऱ्या पोस्टमनला एवढं मिळालं असतं तर रामल्यातली पत्रं वेळेवर पोचली असती.

सन त्रेसष्टचा उन्हाळा होता. टोमॅटो इतके पिकले होते की बाजार उठताना खोकीच्या खोकी पाण्याच्या भावानं देऊन टाकत. कोकणातून मुंबईमार्गे आलेल्या या बायकांना इथं सगळ्यात जास्त कसली आठवण येत असेल तर आमसुलाची. मासळी मिळे, मिरची मिळे, पण कालवणाला आंबटपणा आणायचा कशानं? टोमॅटोनं. म्हणून उन्हाळ्यात सगळ्यांनी अंगणात चुली मांडायच्या, आपापल्या टोपात लसूण, मोहरी, मिरची घालून सॉस आटवायचा आणि हिवाळ्यासाठी भरून ठेवायचा, असं ठरलं. बरण्या अमेरिकेतल्या कुठल्याशा महिला मंडळानं नव्या लोकांसाठी फुकट पाठवल्या होत्या. कडेला रबर असलेलं असलं पत्र्याचं झाकण कुणी जन्मात पाहिलं नव्हतं. बरणी म्हणजे चिनीमातीची, तोंडाला फडकं आणि वर दोरी, एवढंच ठाऊक.

राहेलबाय मात्र आपल्या ओळीसमोर उभी राहून घामानं भिजली होती. तिच्या बरण्या मुक्या होत्या.

राहेलबाय रेवदंड्याची. तिचं लोणचं दोन-दोन वर्षं टिकायचं आणि त्याचा तिला ताठा होता, तो ती लपवतही नसे. पहिल्या खेपेला तिनं सॉस केलाच नव्हता, आणि या खेपेला गुडघे धरले म्हणून तो सुनेकडून भरून घेतला होता. सून पर्ल, मुंबईची, पाचवा महिना लागलेली. सासूनं सांगितलं तसं तिनं अक्षरशः केलं होतं. टोप झाकून सावलीत ठेवला, सॉस पार गार होऊ दिला, बरण्या उन्हात कोरड्या केल्या आणि मग पळीपळीनं भरला. शेजारच्या बायका मात्र पोरं रडतात, नवरे जेवायला खोळंबलेत, म्हणून उकळता सॉसच घाईघाईनं ओतून मोकळ्या झाल्या होत्या. राहेलबायनं त्यांना मनातल्या मनात गबाळ्या ठरवलं होतं.

आता त्या गबाळ्या बायकांच्या बरण्या टाळ्या घेत होत्या.

अबाजी तिच्या ओळीपाशी थांबला. खडा झाकणांवरून फिरवला. वाट पाहिली. मग मान हलवली.

"राहेलबाय, या बरण्यांना हात कुणाचा लागला?"

"माझ्या सुनेचा."

"हं," अबाजी म्हणाला. एवढंच म्हणाला. पण ते 'हं' संध्याकाळपर्यंत वसाहतीच्या शेवटच्या खोलीपर्यंत गेलं.

नळावर कुजबुज सुरू झाली. पर्लची आजी कुठली? तिच्या आजीची आई म्हणे मोलकरीण होती. खरीच आपल्यातली होती का? आदल्याच वर्षी मेयर आणि पर्ल लग्न नोंदवायला गेले, तेव्हा रब्बींच्या कचेरीतल्या माणसानं हाच प्रश्न विचारला होता. आई कोण, आईची आई कोण, तिची कोण. तेव्हा हीच वसाहत पेटून उठली होती. आमच्या रक्ताची चौकशी करणारा हा कोण टिकोजीराव, म्हणून याच बायका घसा फोडून भांडल्या होत्या. आणि आता त्याच, हातात बादल्या घेऊन, तोच प्रश्न विचारत होत्या. कचेरीनं निदान एक झाकण वाजलं नाही म्हणून तरी विचारलं नव्हतं.

पुढं जे व्हायचं ते झालं. थोड्याच दिवसांत राहेलबायच्या बरण्यांत बुडबुडे दिसू लागले. झाकणं वर फुगली. एक बरणी फळीवरच फुटली आणि भिंत लाल झाली. ती भिंत पुसताना पर्ल एक शब्द बोलली नाही. राहेलबाय खाटेवर बसून तिच्याकडे बघत होती, आणि तिच्या मनात पहिल्यांदाच आलं, की खरंच हिच्यात काही असेल तर? आपल्या नातवाला ही कुठलं रक्त देतेय? तो विचार आला तशी ती स्वतःलाच घाबरली, पण विचार काही गेला नाही.

अबाजी घरी आला. फुगलेलं झाकण त्यानं बोटानं दाबून पाहिलं आणि सुस्कारा सोडला.

"मोशेच्या शास्त्रात कडू पाण्याची परीक्षा आहे, राहेलबाय. बाईवर संशय आला की तिला ते पाणी प्यायला द्यायचं. निर्दोष असली तर पोटाला काय बी व्हायचं नाय. गुरुवारी मलिदा करू. पर्ल सगळ्यांसमोर आपल्याच हातच्या बरणीतला सॉस वाटीभर खाईल. नबी काय तो निवाडा करतील. मग तुमचं घर बी मोकळं, आमचं मन बी मोकळं."

"ती दोन जिवांची आहे, अबाजी."

"म्हणूनच तर! पोटातल्याचा बी निवाडा होईल."

मेयर दारात उभा होता. तीस वर्षांचा बाप्या, कारखान्यात लोखंड वाकवणारा. त्यानं खाली बघितलं आणि म्हणाला, "सगळ्यांनी ठरवलंय तर आपण कसं मोडायचं, आई? इथंच राहायचंय आपल्याला." पर्लनं नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही.

बुधवारी सकाळी लेआ मागच्या दारानं आली. लेआ शेजारीण, जिभेची तिखट, पण काळजाची वाईट नव्हती. तिनं पदराआडून सांगितलं, "राहेलबाय, कुणाला बोलू नका गो. आधीच्या खेपेला माझी बी एक बरणी वाजली नव्हती. मी अबाजीला बांगडी दिली, तेव्हा त्यानं मंत्र सांगितला. सॉस उकळत असतानाच नबीचं नाव घ्यायला लागायचं, तसाच बरणीत ओतायचा, आणि नाव संपायच्या आत झाकण घट्ट लावायचं. फुंकर मारायची नाय, थांबायचं नाय. तेव्हापासून सगळ्या वाजतात. तुमी बी एक पाटली द्या आणि सूट मागा."

राहेलबायनं खरोखरच पाटली उतरवायला घेतली. ती हाताला घट्ट बसली होती म्हणून साबण शोधत होती, तेवढ्यात सॅली आली.

सॅली म्हणजे राहेलबायच्या बहिणीची मुलगी, पुण्याची, आता कुपत खोलीमच्या, म्हणजे कामगारांच्या आरोग्य-निधीच्या, दवाखान्यात नर्स. पर्लचं ब्लडप्रेशर बघायला दर बुधवारी येत असे. ब्लडप्रेशर बघता बघता तिची नजर फळीवर गेली.

"मावशी, ही झाकणं अशी फुगलीत आणि तू बरण्या घरात ठेवल्यास? कुणी चाखलं तर नाही ना?"

"उद्या पर्ल खाणार आहे," राहेलबाय म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

सगळी हकीकत ऐकेपर्यंत सॅलीच्या हातातली रबरी नळी तशीच लोंबत राहिली. मग ती म्हणाली, "हे खाऊन माणूस मरतं. निर्दोष असलं तरी मरतं. जंतूंना कुणाची आजी ठाऊक नसते. असा निवाडा मांडणाऱ्याला तू पाटली द्यायला निघालीस?"

"पण मग बाकीच्यांच्या का टिकल्या? लेआच्या का वाजल्या?"

"काय सांगितलं म्हणालीस त्यानं लेआला?"

राहेलबायनं मंत्राची रीत सांगितली. सॅली हसायला लागली आणि मधेच थांबली.

"उकळता ओतायचा आणि लगेच झाकण लावायचं. मावशी, यातून नाव काढून टाक आणि करून बघ."

"नबीचं नाव काढू? जीभ झडेल माझी."

"मग दुसरी नावं घे. माशांची घे."

टोमॅटो घरात होतेच. सॉस उकळला. राहेलबायनं भीतभीत तो बरणीत ओतला आणि झाकण पिळता पिळता पुटपुटली, "सुरमई, पापलेट, रावस, बोय..." पर्ल स्वयंपाकघराच्या दाराला टेकून बघत होती. मासे संपले. राहेलबायनं नद्यांतले घेतले, तेही संपले. पाटावर बरणी निवत राहिली आणि तिघी तिच्याकडे बघत राहिल्या.

टोक्!

राहेलबाय दचकून मागं सरली. "नबींना माशांची नावं बी चालत असतील," ती हळूच म्हणाली.

"बरं," सॅली म्हणाली. "आता हाच सॉस गार कर, गार बरणीत भर आणि तुला येतात तेवढी सगळी स्तोत्रं म्हण."

राहेलबायनं मनोभावे म्हटली. काहीही गाळलं नाही. बरणी ढिम्म राहिली.

"हे बघ," सॅली झाकणावर बोट ठेवून म्हणाली. "उकळत्या सॉसची वाफ बरणीतली हवा बाहेर हाकलते. झाकण लावलंस की वाफ आत अडकते. निवली की तिचं पाणी होतं, आतली जागा रिकामी पडते, आणि बाहेरची हवा पातळ पत्र्याला आत दाबते. तो दबला की टोक् वाजतो. उकळत्यानं जंतू मरतात, बाहेरची हवा आत जात नाही, म्हणून सॉस टिकतो. शिवाय बंद बरण्या उकळत्या पाण्यात ठेवल्या आणि भरताना लिंबू पिळलं तर आणखी चांगलं. गार भरलास तर आत वाफ नाही, टोक् नाही, आणि जंतूंना आयतं जेवण. यात पर्लच्या हाताचा काय संबंध?"

राहेलबायनं दोन्ही बरण्या शेजारी शेजारी ठेवल्या. पर्लच्या हाताचा नाही, पण कुणाचा तरी संबंध होताच. गार झाल्याशिवाय बरणीत घालायचं नाही, वाफ धरली की बुरशी धरते. हा तिच्या आईचा नियम होता. लोणच्याला तो अगदी बरोबर होता, कारण तिथं राखण करायला तेल असतं, मीठ असतं. सॉसला तोच नियम लावायचा शहाणपणा तिनं केला होता, आणि पोरीनं सासूचा शब्द खाली पडू दिला नाही म्हणून आज पोर विषाची वाटी घ्यायला बसली होती. एखाद्या उर्मट सुनेनं सासूचं ऐकलं नसतं तर तिच्या बरण्या छान वाजल्या असत्या.

"तू काय बोलली का नाहीस गो?" तिनं पर्लला विचारलं.

"कुणाला बोलू, आई?" पर्ल म्हणाली.

गुरुवारी दुपार कलल्यावर अंगण पुन्हा भरलं. मलिद्याच्या ताटात गोड पोहे, खोबरं, फळं, वर गुलाबाच्या पाकळ्या. ताटाशेजारी फुगलेली बरणी, वाटी आणि चमचा. एवढ्या सुंदर ताटाशेजारी ती वाटी ठेवायला कुणाचा हात धजला असेल, असा प्रश्न तिथं कुणालाच पडला नव्हता.

अबाजी रंगात आला होता. "आज नबींचा दरबार! ज्याचं पोट साफ त्याला भीती नाय! इथं डॉक्टर नको, वकील नको, कचेरी नको! इथं..."

"अबाजी, माझी एक मागणी आहे," राहेलबाय पुढं आली. तिच्यामागं सॅली पेटता स्टोव्ह आणि उकळता टोप घेऊन आली. राहेलबायच्या हातात मात्र सॉसनं भरलेली एक उघडी बरणी होती. "परीक्षा घ्यायची तर दोन्ही बाजूंनी घेऊ. एका बरणीला पर्लचा हात लागू दे, एकीला तुमचा. तुमच्याइतका चोख हात इथं दुसरा कुणाचा? ही घ्या, भरलेली आहे. झाकण तेवढं लावा आणि नाव घ्या."

लोकांना मागणी पटली. अबाजीलाही मोठेपणा नाकारता येईना. त्यानं ऐटीत बरणी हातात घेतली आणि त्याचा चेहरा पडला.

"पण... हा तर गार आहे!"

"असू दे की," राहेलबाय म्हणाली. "नबींना गारठा बाधतो का?"

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. अबाजी अडखळला. "तसं नाय, आज माझा उपास आहे, हात बरोबर नाय, पुढल्या गुरुवारी..."

"अबाजी," सॅलीनं शांतपणे विचारलं, "तुम्ही मुरंब्याच्या कारखान्यात कामाला आहात ना? कुठल्या खात्यात?"

"भरणा खात्यात. का?"

"तिथं गरम मुरंबा भरून झाकणं लावतात. दिवसभर टोक्-टोक् चालू असेल. तिथं नबी किती वेळा येतात?"

आता अंगण हसलं. अबाजीनं झाकण लावलं, खडा फिरवला, नाव घेतलं, पुन्हा घेतलं. बरणी मुकीच. इकडं पर्लनं उकळता सॉस ओतून झाकण लावलेली बरणी फळीवर निवत होती. सगळं अंगण आळीपाळीनं दोन्ही बरण्यांकडे बघत राहिलं.

टोक्!

पर्लची बरणी वाजली. राहेलबायला वाटलं, सुटलो. आणि तेवढ्यात लेआ ओरडली, "नबींनी कौल दिला! पर्ल चोख आहे! अबाजीच खोटा निघाला, पर्लचा हात खरा!"

झालं. बायका धावल्या. कुणी पर्लच्या हाताचा मुका घेऊ लागली, कुणी आपली बरणी पुढं केली, "माझ्या बरणीला एकदा हात लाव गो बाय." एकीनं तर मलिद्याचं ताट अबाजीच्या पुढ्यातून उचलून पर्लच्या पुढं ठेवलं. सॅली घसा ताणून वाफेचं सांगत होती, ते कुणाच्या कानात शिरत नव्हतं. त्या गडबडीत अबाजी खडा खिशात टाकून सटकला. लेआची बांगडी काही त्यानं परत केली नाही.

पर्लनं हात सोडवून घेतले. ती सासूपाशी आली.

"आई, झाकण कधी चेपलेलं असतं, रबर फाटलेलं असतं. आज ते वाजलं नसतं, तर ती वाटी मला खायला घातली असतीत?"

राहेलबायनं तोंड उघडलं. 'नाही' म्हणायचं होतं. कालपर्यंत ती पाटलीसाठी साबण शोधत होती, वाटी फेकून देत नव्हती, हे तिला आठवलं.

"ठाऊक नाय गो, पोरी," ती म्हणाली.

असं खरं उत्तर तिनं आयुष्यात क्वचितच दिलं असेल, आणि ते देताना तिला स्वतःचीच भीती वाटली.  पर्ल घरात निघून गेली. मेयर तिच्या मागं गेला, पण दार आतून बंद होतं, ते त्याच्यासाठी बराच वेळ उघडलं नाही.

राहेलबायनं फुगलेली बरणी उचलली, सगळ्यांच्या देखत दूर नेऊन खड्ड्यात पुरली आणि परत येऊन खाटेच्या फळीपाशी उभी राहिली.

"बायांनो, ऐका! कौल-बिल काय नाय. वाफ असते, ती निवते आणि पत्रा वाजतो. आजची बरणी उकळती होती म्हणून वाजली. अबाजीनं उकळता सॉस भरला तर त्याची बी वाजेल, बाजारातल्या कुत्र्यानं भरला तरी वाजेल. माझ्या सुनेच्या हाताला पाप लागलं नव्हतं आणि आता पुण्य बी चिकटलं नाय. ती माझी सून आहे, एवढं पुरेसं होतं, ते मला कळायला हवं होतं. ज्याला खात्री करायची त्यानं उद्या माझ्या चुलीपाशी यावं. नाव न घेता भरून दाखवीन. आणि ज्याला पुन्हा कुणाची आजी विचारायची आहे, त्यानं आधी माझ्या दारातून बाहेर व्हावं."

 मग लेआ हळूच म्हणाली, "पण राहेलबाय, नाव घेतलं तर बिघडतं काय?"

"सॉसचं काय बी बिघडत नाय," राहेलबाय म्हणाली. "माणसाचं बिघडतं. काल माझंच बिघडलं होतं."